ओठावरचे गाणे



आमची हयात यंत्रमागांच्या खडखडाटात आणि विडी कामगारांच्या सभांत गेली. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. तेव्हा बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी सोडून हा गृहस्थ प्रेमगीतावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण गाणे हीसुद्धा घडवलेली वस्तू आहे. ती कोणी घडवली आणि घेणाऱ्याने तिचे काय केले, हे दोन प्रश्न चादरीइतकेच गाण्यालाही विचारता येतात.

गाणे आपल्याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, नायक आकाश ठोसर करमाळ्याचा. त्यातील ‘याड लागलं’ हे गाणे आम्ही आज घेतले आहे. संगीत अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे, शब्दही त्यांचेच, आणि गळा अजय यांचा. या दोघांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. आमच्यासारख्या स्वतःच शिकलेल्या माणसाला याचा जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल करतो.

आता त्या गाण्याच्या नावाकडेच पाहा. ‘वेड’ नव्हे, ‘याड’. आपल्या चित्रपटांत पुष्कळ वर्षे अशी वाटणी होती की, प्रेम करायचे ते शुद्ध भाषेत आणि हसे करून घ्यायचे ते गावठी भाषेत. नायक पुस्तकी बोले, गडी ‘लई’ म्हणे. येथे मासे धरणाऱ्या गरीब घरचा मुलगा आपल्या घरच्या बोलीत प्रेम करतो, आणि कोणी हसत नाही. ज्यांची बोली वर्गात ऐकताच गुरुजींनी कान धरला, त्यांना ही गोष्ट केवढी मोठी वाटली असेल याचा विचार करा.

दुसरी गोष्ट वाद्यांची. या चित्रपटाच्या संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे सोनी कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित झाला. ओळीने बसलेले व्हायोलिनवाले, शिंगे फुंकणारे, बासरीवाले. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या या कारागिरांनी समोरच्या कागदावरील स्वरलिपी वाचून करमाळ्याच्या पोराची तगमग वाजवली. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्हांला यात विशेष वाटते ते असे. एकेकाळी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत असे शेकडो वादक राबत. त्यांत गोव्याचे लोक पुष्कळ. पुढे सिंथेसायझर आला. एक माणूस, एक पेटी, आणि पन्नास जणांचे काम गेले. गिरण्या बंद पडल्यावर काय होते ते सोलापूरला कोणी सांगायला नको. म्हणून एका मराठी गाण्यासाठी पुन्हा जिवंत माणसे वाजवायला बसली, याचे मोल आम्ही मोठे मानतो. ती इथली असती तर आणखी बरे वाटले असते.

आता घेणाऱ्यांकडे वळू. लोकांनी ही गाणी अक्षरशः डोक्यावर घेतली. ‘झिंगाट’ लागले की प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचत, पडद्यावर नाणी उधळत. तिकीटविक्रीत शंभर कोटी रुपयांचा पल्ला ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली अशा भाषांत तो पुन्हा निघाला. २०१८ साली हिंदीत ‘धडक’ आला तेव्हा ‘याड लागलं’ची चाल तेथे ‘पहली बार’ होऊन गेली. आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका सुपाशेजारी मोबाइल ठेवून हे गाणे ऐकत. घरात तेलुगू बोलायची आणि ओठावर करमाळ्याची मराठी!

ओठांवरून एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी मागावरचा धोटा भरताना त्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. त्यांच्या ओठाचा विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मालकाविरुद्ध एक झालेले कामगार धोट्यापाशी एक नव्हते. मंडळी, गाणे या ओठावरून त्या ओठावर गेले, त्याला कोणी जात विचारली नाही. पण गाण्यातली माणसे?

करमाळ्याला लागूनच जामखेड तालुका आहे. तेथील खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलत असल्याच्या संशयावरून तो मारला गेला, असा आरोप होता. २०१७ साली खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. आणि ‘सैराट’चा शेवट आपण पाहिला आहे. पाटलाची मुलगी आणि तिचा नवरा हैदराबादेत कष्टाने उभारलेल्या घरात मारले जातात, आणि तेथे संगीतकाराने एक सूरही ठेवलेला नाही. एवढा वाद्यवृंद हाताशी असून शेवट मुका. लेकरू रडते, पण ऐकू येत नाही. या शांततेतून बाहेर पडलेले लोक दुसऱ्या दिवशी वरातीत त्याच चित्रपटाच्या गाण्यावर नाचले. त्यांत आम्हीही होतो.

आता स्वतःची गोष्ट. त्याच पावसाळ्यात आमच्या कचेरीत दोन पोरे आली. मुलगा मागावर कामाला, मुलगी दुसऱ्या जातीची. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस दिली होती, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. “अण्णा, तुम्ही सही कराल का?” मुलाने विचारले. आमच्या डोळ्यांपुढे मुलीच्या जातीचे सभासद आले, त्यांची वर्गणी आली, पुढची निवडणूक आली. आम्ही म्हणालो, “आठ दिवसांनी या.” ती आली नाहीत. त्यांच्या कागदावर आमच्याच युनियनमधल्या एका विडी कामगार बाईने सही केली. नंतर ती एवढेच म्हणाली, “वरातीत लई नाचलात की, अण्णा.” आम्हांला उत्तर सुचले नाही.

म्हणून आज या व्यासपीठावर आलो. गाणे ऐकू नका, असे आम्ही म्हणत नाही. खुशाल ऐका, नाचाही. पण ज्या घरात ‘याड लागलं’ वाजते, त्याच घरातल्या मुलीने एखादे नाव सांगितले तर आधी आडनाव विचारू नका. आणि कोणी साक्षीदाराची सही मागायला आले, तर त्यांना आठ दिवसांनी बोलावू नका. आमच्या हातून ते झाले. आपल्या हातून होऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.