पेपरावरील आकडा आणि शिक्षणाची पायरी



सातबाराच्या उताऱ्यावरील गट क्रमांक आपण सहज वाचतो. त्या एका आकड्यावरून जमीन कोठे आहे हे कळते. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवरील अक्षरे आणि आकडे मात्र पुष्कळांना गूढ वाटतात. वास्तविक त्यांचेही काम तेच आहे. विद्यार्थी शिक्षणाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे ते सांगतात.

ही पद्धत आपल्याला अगदीच नवी नाही. नाशिकची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न. तेथे कला शाखेत शिकलेल्या शिक्षकांना ‘जी-1’ आणि ‘एस-1’ ही नावे आठवत असतील. ‘जी’ म्हणजे सामान्य आणि ‘एस’ म्हणजे विशेष. प्रथम वर्षाला जी-1, द्वितीय वर्षाला जी-2 आणि तृतीय वर्षाला जी-3. विशेष विषय घेणाऱ्यास एस-1 ते एस-4 हे पेपर द्यावे लागत. अक्षरावरून विषयाचे स्वरूप कळे, आकड्यावरून क्रम.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हाच विचार देशभरासाठी मांडला आहे. 100 ते 199 हे क्रमांक प्राथमिक ओळख करून देणाऱ्या पेपरांचे, 200 ते 299 मध्यम पातळीचे, 300 ते 399 उच्च पातळीचे आणि 400 ते 499 प्रगत पातळीचे. 500 आणि 600 यांपासूनचे क्रमांक पदव्युत्तर शिक्षणाचे; 700 च्या पुढे संशोधन. शंभराच्या खालचे क्रमांक पूर्वतयारीचे असून त्यांना श्रेयांक नाहीत. प्रत्येक विद्यापीठाची मांडणी थोडी निराळी असते. म्हणून क्रमांकासोबत स्तर व श्रेयांकही पाहावेत.

स्तराचा हिशेब असा : राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात दहावी म्हणजे तिसरा स्तर व बारावी म्हणजे चौथा. पदवीचे पहिले वर्ष 4.5, दुसरे 5.0, तिसरे 5.5 आणि चौथे 6.0. एका वर्षाचे किमान 40 श्रेयांक धरले आहेत. वर्गातील सुमारे 15 तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकास 30 तास लागतात. श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. गुण यशाची प्रत सांगतात, श्रेयांक कामाचे माप सांगतात आणि स्तर त्या कामाची उंची सांगतो.

शब्दांचाही घोटाळा होतो. नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने संपूर्ण पदवीस ‘शिक्षणक्रम’ आणि त्यातील एकेका विषयास ‘अभ्यासक्रम’ असे म्हटले. हा भेद ध्यानी ठेवला, तर प्रवेश अर्जातील निम्मा गोंधळ दूर होईल.

आता मुख्य मुद्दा. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखादी मुलगी प्रथम वर्ष पूर्ण करते आणि घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडते. पूर्वी गावात ‘कॉलेज अर्धवट सोडले’ एवढेच म्हटले जाई. आज तिच्यापाशी 40 श्रेयांक आणि 4.5 हा स्तर असतो. उन्हाळ्यात 4 श्रेयांकांचे कामावर आधारित व्यावसायिक शिक्षण पूर्ण केल्यास ती प्रमाणपत्रास पात्र ठरते. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत ती परत येऊ शकते. पदवी मात्र एकूण सात वर्षांत पूर्ण व्हावी लागते. तिचे श्रेयांक जमा ठेवण्यासाठी 2021 पासून शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था आहे.

परंतु गुणपत्रिका वाचणारेच कोणी नसेल, तर ही सोय तिच्यापर्यंत पोहोचणार कशी? मुदत निघून जाईल आणि केलेले वर्ष वाया गेले असे ती समजून बसेल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. आपल्या गावात महाविद्यालय सोडलेल्या मुलामुलींची यादी करावी. प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवरून तीन गोष्टी टिपाव्यात : कोणता स्तर पूर्ण झाला, किती श्रेयांक जमले आणि कोणत्या वर्षी शिक्षण थांबले. मग त्यांना महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे पाठवावे. चढून झालेली पायरी कोणाला पुन्हा चढावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.