नदीच्या पाण्याचा जमाखर्च

वरच्या धरणांतून शंभर घागरी पाणी नदींत सोडलें आणि खालच्या धरणांत ऐंशींच पोंचल्या, तर मधल्या वीस घागरी गेल्या कोठें? हा प्रश्न शाळेंतील गणितासारखा दिसतो. परंतु गोदावरीच्या खोऱ्यांत यावरून दोन प्रदेशांत वितुष्ट आलेलें आहे. 2005 सालीं महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पुढें 2014 च्या सप्टेंबरांत या प्राधिकरणानें, तुटीच्या वर्षीं वरच्या धरणांनीं जायकवाडीसाठीं किती पाणी सोडावें, याचे नियम घालून दिले. त्यास अनुसरून 2015, 2018 व 2023 सालीं नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) या जिल्ह्यांतील धरणांतून पैठणच्या नाथसागराकडे पाणी सोडण्यांत आलें. वरचा शेतकरी म्हणतो, “आमचें पाणी वाटेंतच जिरलें, कोणाच्याच उपयोगीं पडलें नाहीं.” खालचा म्हणतो, “जिरलें नाहीं, वाटेंत उपसलें गेलें.” यांत खरें किती, हें मोजमापानेंच ठरावयाचें. तें मोजमाप कसें करितात, हें आज सांगण्याचा विचार आहे.

मूळची रीत वाण्याच्या वहीसारखीच आहे. नदीचा एक टप्पा घ्यावा. त्याच्या वरच्या टोंकास येणारें पाणी आणि मध्यें मिळणाऱ्या ओढ्यांचें व उपनद्यांचें पाणी, ही झाली जमा. कालव्यांनीं व पंपांनीं उचललेलें, बंधाऱ्यांत अडलेलें, वाफ होऊन गेलेलें व खालच्या टोंकास निघून जाणारें, हा झाला खर्च. जमेंतून खर्च वजा करून जी बाकी उरते, तेवढें पाणी नदीनें भूमीस दिलें असें समजावें. बाकी उणी आली, तर तेवढें पाणी भूमीनें नदीस दिलें. पावसाळा संपतां संपतां विहिरींतील पाणी नदीहून उंच असतें, तेव्हां कांठांतून पाझर सुटून नदी वाढत जाते. चैत्र-वैशाखांत विहिरी खोल गेल्या, म्हणजे तीच नदी त्याच ठिकाणीं पाणी गमावूं लागते. म्हणून नदीची तूट हा कायमचा आंकडा नव्हे. ऋतु पालटला कीं तोही पालटतो.

आतां या हिशेबांतील खांचखळगे पाहूं. पहिला काळाचा. वर सोडलेलें पाणी खालीं पोंचावयास कांहीं दिवस लागतात. एकाच सकाळचे वरचे व खालचे आंकडे घेऊन वजाबाकी केली, तर वाटेंत चालत असलेलें पाणी हरवलें असें वाटेल. यासाठीं पाणी सोडल्यापासून त्याचें शेपूट खालच्या ठाण्यावरून निघून जाईपर्यंतचें सगळें पाणी मोजून मगच मेळ घालावा.

दुसरा खळगा मापाचा. समजा, वर 100 आणि खालीं 92 असा प्रवाह मोजला, आणि दोन्ही मापांत शेंकडा पांचाची चूक संभवते. तूट 8 दिसते खरी. पण दोन्ही चुकांचा एकत्र विचार केला, तर ती 1 पासून 15 पर्यंत कांहींही असूं शकेल! बाकी ही स्वतः कोणीं मोजलेली नसते. सगळ्या मापांतील चुका शेवटीं तिच्याच पदरांत पडतात. म्हणून तुटीचा आंकडा सांगतांना चुकीची मर्यादाही सांगावी. ती न सांगतां दिलेला आंकडा भांडणासच उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. तूट दिसली कीं आपण सूर्यास दोष देतों. दीडशें किलोमीटर लांब व शंभर मीटर रुंद असें पात्र धरा आणि रोज पांच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातें असें माना. हिशेब केला तर ही हानि सुमारें 31 क्यूसेक भरते. प्रवाह 3,000 क्यूसेकांचा असेल, तर ती शेंकडा एकच! तेव्हां मोठी तूट आढळल्यास तिचें कारण उन्हांत शोधण्यापेक्षां कोरड्या वाळूंत, बंधाऱ्यांत व पंपांत शोधावें.

कोरडें पात्र प्रथम पुष्कळ पाणी पितें. एकदां तें भिजलें कीं त्याची तहान मंदावते. म्हणून थोडथोडें पाणी अनेक वेळां सोडण्यापेक्षां एकदांच भरपूर सोडल्यास तूट कमी येते. कांठांत मुरलेल्या पाण्यापैकीं कांहीं भाग पूर ओसरल्यावर पुनः नदींत उतरतो, कांहीं जवळच्या विहिरींस मिळतो. तें खालच्या धरणाच्या दृष्टीनें गेलें, तरी खोऱ्याच्या दृष्टीनें सर्वस्वीं नष्ट झालें नाहीं.

या बाकीची खातरजमा दुसऱ्या मार्गानेंही करितां येते. सोडलेलें पाणी ओसरून प्रवाह स्थिर झाला, कीं एकदोन दिवसांतच अनेक ठिकाणीं तो मोजावा आणि कोणत्या टप्प्यांत घटतो, कोणत्यांत वाढतो तें पाहावें. त्याच वेळीं कांठच्या विहिरींची पातळी नोंदावी. विहिरी नदीहून उंच असून नदी घटत असेल, तर तेथें जमिनीस दोष देतां येणार नाहीं; उपशाचीच चौकशी केली पाहिजे.

गंगापूर व दारणा यांचें पाणी नांदूर मध्यमेश्वरावरून येतें. मुळा व भंडारदरा यांचें प्रवरासंगमाशीं गोदेस मिळतें. अशा प्रत्येक नाक्यावर माप घेतांना वरच्या व खालच्या दोन्ही बाजूंचे लोक हजर असावेत, आणि पंपांची नोंद उघड असावी. असें झालें, तरी तूट उरेलच. परंतु ती कोणाच्या नांवें मांडावयाची, हें मग ओरडून ठरवावें लागणार नाहीं.