पाद्रीबाबांची मराठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या मिशनऱ्यांकडून आजच्या चर्चने काय घ्यावे, हा आजचा विषय. त्यावर बोलायला मुसलमान कवी कशाला, असे काहींच्या मनात येईल. मी देवगाव रंगारीत राहतो, मराठीत कविता लिहितो. चर्चचा कारभार मला ठाऊक नाही. पण ज्यांच्या धर्माला लोक परका म्हणतात, ती माणसे मराठीत लिहू लागली की काय घडते, हे थोडेफार कळते. त्याच वाटेने बोलतो.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. चाळीस वर्षे. साष्टीच्या खेड्यांतून त्याने काम केले. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. आमची जुनी पुराणे बंद केलीत, आता त्या जागी दुसरे काही द्या, अशी मागणी नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी केल्याचे खुद्द त्या ग्रंथातच आले आहे. पाद्र्याने ती ऐकली. प्रवचने झाडत न बसता तो ओवी शिकला. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी परदेशातून आलेल्या माणसाने कानाने उचलावी, हे किती कष्टाचे असेल ते ओवी लिहून पाहणाऱ्यालाच कळेल.

ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. तो देवनागरीत छापून यायला १९५६ साल उजाडले. शांताराम बंडेलू यांनी ते काम केले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टीफन्स येण्याआधीच, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. एकाच क्रुसाखाली एक माणूस लोकांची भाषा शिकत होता आणि सत्ता ती मोडायला निघाली होती. मिशनरी चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न म्हणूनच मला पटत नाही. कोणता मिशनरी, आणि तो लोकांपुढे कसा उभा राहिला, हे पाहावे लागते.

आमच्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. तरी फरारबाईंचे काम वाया गेले असे कोण म्हणेल? बाप्तिस्म्यांची संख्या मोजणाऱ्या वहीत मात्र या यशाला रकाना नसतो. इकडे वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावात विसाव्या शतकाच्या आरंभी फादर गुरियन जाकिये हे फ्रेंच धर्मगुरू गोरगरिबांत राहिले. दुष्काळांत मिशनांनी धान्य दिले, पोरकी मुले सांभाळली. अन्नाबरोबर धर्म दिला, हा आक्षेपही तेव्हापासूनचा आहे. तो खोडून काढण्यापेक्षा चर्चने तो नीट ऐकावा.

सर्वांत रोखठोकपणे तो ऐकला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. अभंग, भजन, कीर्तन सारे त्यांनी चर्चमध्ये आणले. पण मिशनचा पगार, साहेबाची मेहेरबानी आणि हात पसरून उभी असलेली मंडळी हे त्यांना सलत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही चालत. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग वाढला नाही. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती आजही गातात. दरबाराची आठवण मात्र क्वचित निघते. हे मला सोयीचे विस्मरण वाटते.

कॅथलिक चर्चमध्ये रोमन पद्धतीची मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या सुमारास. उपासनेत मराठी आली. पण मिशनची शाळा म्हटले की आज पालकांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी माध्यम आणि प्रवेशाची रांग येते. खेड्यातले बहुतेक ख्रिस्ती दलित. १९५० च्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीच्या सवलतीही नाहीत. फरारबाईंच्या शाळेत कोणाला जागा होती आणि आजच्या शाळेत कोणाला परवडते, याचा हिशेब चर्चमधल्यांनीच मांडावा. मी बाहेरचा. आणि आमच्याकडे तरी काय आहे? मुले मराठी शाळेत शिकतात, शुक्रवारचे बयान उर्दूत होते. निम्मे त्यांच्या डोक्यावरून जाते. सूफींनी जात्यावरची, चरख्यावरची गाणी दखनीत रचली होती, हे आम्हीही विसरलो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, वसईच्या हिरवाईसाठी लढे दिले. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा धर्म काढून विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही ते उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, आले आणि व्यासपीठावरून मराठीत बोलले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर मराठीत लिहिणारा तरुण धर्मगुरू कोण, असे मी ओळखीच्या ख्रिस्ती मित्रांना विचारत असतो. ते नावे आठवू लागतात, मग थोडा वेळ गप्प बसतात.