ठिबकते एकीकडे, गळते दुसरीकडे

कौलारू घरात राहणाऱ्या श्रोत्यांना पावसाळ्यातील एक अनुभव चांगलाच परिचित असेल. पाणी माजघरात ठिबकत असते. पण फुटलेले कौल नेमके त्याच जागेवर असतेच असे नाही. ते बरेच वर असते आणि पाणी वाशावरून ओघळत येऊन भलत्याच ठिकाणी टपकते. मोटारीच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाची तऱ्हा अशीच आहे. याचा विसर पडल्यामुळे पुष्कळ गृहस्थांचा पैसा नको त्या दुरुस्तीवर खर्च होतो आणि गळती मात्र तशीच राहते.

गाडीखाली डाग दिसला म्हणजे प्रथम तो कशाचा आहे हे ठरवावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा व सकाळी तो उजेडात पाहावा. इंजिनाचे तेल नवे असता मधासारखे पिवळसर आणि वापरलेले असता तपकिरी किंवा काळे असते. हिरवा, गुलाबी अथवा नारिंगी द्रव असेल तर तो बहुधा रेडिएटरमधला असतो. गिअरबॉक्सचे तेल दाट असून त्याला बहुधा गंधकासारखा उग्र वास येतो. स्वच्छ, वासरहित पाणी वातानुकूलन यंत्राचे असते. त्याची चिंता करू नये.

डाग इंजिन-तेलाचा ठरला, तर सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर डिपस्टिक पाहावी. लहान कुटुंबाच्या गाडीत साधारणपणे 3 ते 4 लिटरच तेल असते. तेव्हा त्यातील एक लिटर जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालेल्या गाडीत तेल कमी असेल, तर चढउतारांवर आणि वळणांवर ते चेंबरच्या एका बाजूस सरकते. अशा वेळी पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. समोरचा लाल दिवा सामान्यतः तेलाची पातळी नव्हे, तर दाब पडल्याचे दाखवितो. तो चालत्या गाडीत लागला, तर गाव जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नये. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. त्यानंतरची काही मिनिटेच बेअरिंगे जळण्यास पुरेशी होतात.

गळती शोधण्याचा मुख्य नियम असा की, आधी स्वच्छता आणि मग निदान. थंड इंजिनावरील जुना चिकटा पुसून काढावा, ते पूर्ण कोरडे करावे आणि संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून, बंद करून, विजेरीच्या उजेडात पाहावे. तेल वरून खाली उतरते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागापैकी सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. उगम बहुधा तेथेच सापडतो.

हे न केल्यास आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडताना दिसला म्हणजे क्रँकचे सील गेले असे अनुमान निघते. ते बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी मोठी होते. पुष्कळदा मात्र टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक होऊन तेथून तेल ओघळत आलेले असते. ते तेल तप्त एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, तर संशय बळावतो. पॅकिंगचा खर्च त्या मानाने अगदी थोडा. त्याचप्रमाणे फिल्टर, चेंबरचा ड्रेन बोल्ट आणि तेलाच्या दाबाचा स्विच ही स्वस्त स्थळे आधी तपासावीत.

आणखी एक कारण सहज नजरेआड होते. इंजिनाच्या पोटात साचणारे वायू बाहेर नेणारी ब्रीदरची नळी किंवा तिचा व्हॉल्व्ह तुंबला, तर आतील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर रेटले जाते. अशा वेळी नवे सील घातले तरी तेही गळू लागते. म्हणून सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. तेल प्रमाणाबाहेर भरणेही घातकच.

दुरुस्तीत घाई आणि जोर हे दोन शत्रू आहेत. गळती थांबावी म्हणून पान्याने कव्हरचे बोल्ट आवळत सुटल्यास पत्रा वाकतो व पॅकिंग चिरडते. जुने पॅकिंग न खरवडता हलक्या हाताने काढावे, दोन्ही पृष्ठभाग पुसावेत आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, पुस्तिकेतील मापाप्रमाणे कसावेत. फिल्टर बदलताना जुनी रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या कडीला तेलाचे बोट लावावे. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा. गळती थांबविणारी औषधे सील फुगवून काही काळ थेंब रोखतात. फाटलेले सील ती सांधत नाहीत. टायमिंग बेल्टच्या बाजूचे सील मात्र लांबणीवर टाकू नये. कोरड्या बेल्टला तेल लागले की तो नासतो, आणि तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम स्टँड लावून चाकांना अटकाव घालावा. काढलेले तेल गटारात अथवा विहिरीच्या आसपास न ओतता डब्यात भरून, ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. काम झाल्यावर आठवडाभर रोज डिपस्टिक पाहावी आणि रात्री पुन्हा पुठ्ठा पसरावा. तो कोरडा राहिला आणि पातळी ढळली नाही, म्हणजेच गळती खरोखर थांबली असे समजावे.