गैरहजेरी हाच सावकाराचा साक्षीदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)



मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांकडे मागितले ते कागद. खते आणि हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करणे हाच उठावाचा हेतू होता, असे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही नमूद करावे लागले. कोर्टाची पायरी न चढलेल्या कुणब्यावर एकतर्फी हुकूमनामे होत, आणि जप्ती दारात आली की त्याला निकाल कळे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने म्हणूनच न्यायाधीशावर जबाबदारी टाकली की, त्याने नुसत्या खतावर विसंबू नये. प्रतिवादीची साक्ष घ्यावी आणि व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा.

आज खताची जागा क्रेडिट कार्डाच्या खातेउताऱ्याने घेतली आहे. आजारपणात किंवा कामावरून कमी झाल्यावर वापरलेल्या कार्डाची बाकी व्याज, दंड व शुल्क यांनी फुगते. बँक ते थकीत कर्ज दुसऱ्या कंपनीला विकूनही टाकते. काही वर्षांनी अनोळखी नावाचे समन्स येते. घाबरलेला माणूस ते फळीवर ठेवून देतो. वादीला याहून सोयीचे काही नसते.

व्याजाच्या दरावरच सारी लढाई देता येईल, अशी आशा आता धरण्यात अर्थ नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे हिशेब, पुरावा आणि मुदत या तीन प्रश्नांचे महत्त्व वाढले आहे.

पहिली गोष्ट हजेरीची. साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत नेऊ शकते. लेखी करारावरील संक्षिप्त दाव्यात मात्र १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते, व पुढे बचावाची परवानगी मागावी लागते. म्हणून समन्स कोणत्या प्रकारचे आहे, हे त्याच दिवशी पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट कैफियतीची. 'दावा खोटा आहे' एवढ्या मोघम वाक्याने भागत नाही. जे विधान नेमकेपणाने नाकारलेले नसते, ते कबूल धरले जाऊ शकते. मूळ करार कोठे आहे? मुद्दल किती, व्याज किती, दंड किती? भरलेल्या रकमा जमा धरल्या आहेत काय? कर्ज विकत घेतले असेल, तर याच खात्याचे हस्तांतर झाल्याचा कागद कोठे आहे? हे सिद्ध करण्याचा भार वादीवर आहे.

तिसरी गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा येण्याच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही, तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. पण खऱ्या तारखा पुढे मांडणारा कोणी नसेल, तर वादीच्याच तारखा उरतात. हिशेब करताना १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा महासाथीचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळला जातो, हेही ध्यानात ठेवावे. वसुलीचा माणूस 'पाचशे रुपये भरा आणि येथे सही करा' म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो. मुदतीच्या आत दिलेल्या सहीच्या कबुलीने मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावरही सहीनिशी लेखी वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते बंधनकारक ठरू शकते.

देणे खरे असेल आणि मुदतीतही असेल, तर तडजोडीत कमीपणा नाही. पण हप्ता पेलेल एवढाच मान्य करावा आणि सारे लेखी असावे. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नाही. म्हणून समजल्याखेरीज तेथे सही करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे.

एकतर्फी हुकूमनामा झालाच, तरी सर्व संपत नाही. पुरेसे कारण दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो; समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून हे दिवस मोजतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने मजुराची मजुरी, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण यांना जप्तीपासून संरक्षण दिले आहे. पगारदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित आहेत. आणि फेडण्याची ऐपतच नसलेल्या ऋणकोला केवळ त्याच्या दारिद्र्यापायी तुरुंगात टाकता येणार नाही, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

सुप्याच्या शेतकऱ्याला कागद जाळावे लागले, कारण ते तपासून घेण्याची वाट त्याला बंद होती. ती वाट आज खुली आहे. पण एकट्या, लाजलेल्या माणसाला ती दिसत नाही. वस्तीतील कार्यकर्त्याने समन्सची तारीख वहीत टिपावी, कागद लावून द्यावेत आणि त्या दिवशी त्या माणसाबरोबर कोर्टात जावे. कर्जाची लाज एकट्याने वाहायची नसते, हे त्याला सभेतल्या भाषणापेक्षा या सोबतीनेच पटेल.