रसायनाला अनुदान, रसायनविद्येला का नाही?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. त्यांत पंडित नेहरू होते, समाजवादी आचार्य नरेंद्र देव होते, आणि डॉ. प्रफुल्लचंद्र घोष हे रसायनशास्त्राचे पंडितही होते. कलकत्त्याच्या टांकसाळीतील मानाची जागा सोडून घोष स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते. याच किल्ल्यात १९४४ मध्ये नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला आणि त्यात वैज्ञानिक वृत्तीचा आग्रह धरला. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती वृत्ती जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. कर्तव्य ठरले खरे. पण ते बजावण्यासाठी लागणारी साधने कोणी पुरवायची आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा, याचा खुलासा कोठेही झाला नाही. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तो येथील जमिनीत मुरलेला आहे.

पाटाचे पाणी आणि मातीतले मीठ

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांखाली बागाईत वाढू लागले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाने शेतकऱ्याच्या हाती पैसा आणला, सावकाराची मिठी सैल केली, शाळा-महाविद्यालये उभी केली. हे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो. वर्षानुवर्षे पाट वाहत राहिला, ऊस पाणी पीत राहिला, आणि जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढत गेली. उन्हाने पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. कोठे पांढरा थर दिसतो, कोठे पीक ठिगळाठिगळाने पिवळे पडते, आणि एके काळी सोन्याच्या भावाने मोजली जाणारी जमीन पडीक होते.

शेतकरी अशा जमिनींना खारवट आणि चोपण अशी दोन वेगळी नावे देतो, आणि रसायनशास्त्रही तेच करते. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार अधिक असतात. तिची विद्युतवाहकता मोजली तर ती दर मीटरला ४ डेसिसायमनच्या वर जाते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. विनिमयक्षम मूलद्रव्यांत त्याचे प्रमाण शेकडा १५ च्या वर गेले आणि सामू साडेआठ ओलांडू लागला, की कण विखुरतात, जमीन ओली असता चिकट आणि वाळली की दगड होते. पहिलीला निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. दुसरीला आधी जिप्सम द्यावे लागते, म्हणजे कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो, आणि मग धुवावे लागते. पुष्कळदा एकाच शिवारात दोन्ही दुखणी मिसळलेली असतात आणि नजरेने निदान होत नाही. निदान चुकले तर जिप्समचे पैसे मातीत जातात. निदान बरोबर आले, पण निचऱ्याला चर नसला, तरीही ते मातीतच जातात.

या विषयाचे मर्म येथेच आहे. मातीचा नमुना एकट्या शेतकऱ्याच्या वावरातून घेता येतो. पण चर एकट्याच्या वावरात संपत नाही. तो शेजाऱ्याच्या बांधाखालून, त्याच्याही शेजाऱ्याच्या रानातून जाऊन ओढ्याला मिळाला तरच पाणी वाहते. वरच्या अंगाचा बागाईतदार पाणी बेसुमार देत राहिला, तर खालच्या अंगाच्या अल्पभूधारकाने कितीही जिप्सम टाकले तरी उपयोग होत नाही. म्हणजे क्षारपड जमिनीचे रसायन हे मुळातच सामुदायिक रसायन आहे. ते गावाने मिळून समजून घेतले तरच त्यावर उपाय होतो.

ज्ञान होते, वाट नव्हती

हे ज्ञान नवे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्या समवेत नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. बसू आणि सिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे यांखालील जमिनींची पाहणी करून त्यांचे वर्गीकरण १९३८ मध्ये मांडले. १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेही याच जिल्ह्यात, राहुरीला. मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मातीचे पृथक्करण करता करता त्यांना कळून चुकले की शेतकऱ्याच्या दैन्याचे सगळे उत्तर परीक्षानळीत नाही; म्हणून त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून जमिनीचे तुकडे, उत्पन्न आणि कर्ज मोजले आणि १९१७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. रसायन आणि अर्थकारण एकाच गावात, एकाच वहीत बसवणारा हा आदर्श होता. पुढच्या काळात ती वही फाटली. रसायन विद्यापीठाकडे गेले, कर्ज सोसायटीकडे गेले, आणि शेतकरी दोन्ही ठिकाणी केवळ अर्जदार उरला.

आज त्याला रसायनशास्त्र शिकवतो कोण? बहुतेक गावांत याचे उत्तर एकच आहे: कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. कोणते खत, किती पोती, कोणते औषध, किती वेळा फवारायचे, हे तोच सांगतो. कारण विचारण्यासारखे जवळ दुसरे कोणी नसते. दुकानदार वाईट असतो असे नव्हे. पण जो रसायन विकतो तोच ते समजावून सांगतो, अशी व्यवस्था असली, तर त्या समजावण्यात विक्रीचा हिशेब शिरणारच.

पैसा कोठे जातो?

आता आकडे पाहावेत. खतांवरील केंद्र सरकारचे अनुदान २०२२-२३ या वर्षी अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. ते वर्ष युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकल्याचे होते; पण २०२३-२४ मध्येही हा खर्च पावणेदोन लाख कोटींच्या वरच राहिला. दुसऱ्या बाजूला, २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत पहिल्या दहा वर्षांत सुमारे २५ कोटी पत्रिका वाटल्या गेल्या आणि राज्यांना सुमारे १,७०० कोटी रुपये मिळाले. म्हणजे पत्रिकेमागे सत्तर रुपयेही नाहीत. रसायन शेतात टाकण्यावर एका वर्षात जेवढे खर्च होते, त्याच्या शेकडा एक इतकाही खर्च, कोणते रसायन टाकावे हे कळण्यासाठी दहा वर्षांत झालेला नाही.

खताचे अनुदान बंद करावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते बंद झाले तर पहिला फटका लहान शेतकऱ्यालाच बसेल. मुद्दा प्रमाणाचा आहे. शिवाय, अनुदानाची रचनाही एकांगी आहे. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झाले, युरियाची किंमत मात्र नियंत्रित राहिली. त्यामुळे युरिया स्वस्त, बाकीची खते महाग, आणि जमिनीचा तोल नत्राकडे झुकलेला. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक असते.

पत्रिकेतील दोष तिच्या रचनेतही आहे. तिच्यात १२ घटक तपासले जातात, हे चांगले आहे. पण बागाईत क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना, तो जातो तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि परत येतो तो छापील कागद होऊन. नमुना देणाऱ्याला त्या कागदातले आकडे कसे निघाले हे दिसत नाही. म्हणून त्यावर त्याचा विश्वासही बसत नाही. कागद पेटीत जातो आणि शेतकरी दुकानात जातो.

पाण्याच्या बाबतीत पाऊल थोडे पुढे पडले. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची आणि त्यांच्या हाती तपासणी संच देण्याची तरतूद झाली. निधीचा शेकडा दोनपर्यंतचा भाग पाण्याच्या गुणवत्तेच्या देखरेखीसाठी वापरण्याची मुभा मिळाली. ही कल्पना मोलाची आहे. डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, यावरून पाण्याचा जडपणा ओळखणाऱ्या बाईच्या हाती आता तो जडपणा मोजण्याचे साधन येते. परंतु संच एकदा मिळतो आणि त्यातील द्रावणे मुदत संपताच निकामी होतात. भांडवली खर्चाला मंजुरी आणि आवर्ती खर्चाला नकार, हे सरकारी अनुदानाचे जुनेच दुखणे आहे. उपकरण विकत घेता येते. ते चालवणाऱ्या माणसाचा वेळ मात्र फुकट गृहीत धरला जातो, आणि ते माणूस बहुधा स्त्री असते.

शाळांचेही तसेच झाले. मुलांनी गावातली माती स्वतः तपासावी, असा केंद्राचा शालेय कार्यक्रम प्रथम २० शाळांत आणि पुढे हजारावर शाळांत गेला. पण त्या शाळा केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि एकलव्य शाळा. प्रवराकाठच्या शेतकऱ्याची मुले प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या, रयत शिक्षण संस्थेच्या आणि इतर स्थानिक संस्थांच्या शाळांत शिकतात. त्यांच्या प्रयोगशाळेत सामू मोजण्याचे साधन कोण देणार?

काही आक्षेप

पहिला आक्षेप अधिकारी घेतात: शेतकऱ्याला रसायनशास्त्र कळणार नाही. ज्याने खारवट आणि चोपण हे शब्द विद्यापीठांच्या आधी घडवले, त्याला ते कळणार नाही असे म्हणणे हा वर्गीय अहंकार आहे.

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो: भाव, मजुरी, कर्ज हे खरे प्रश्न, प्रयोगशाळा हे मध्यमवर्गीय हौशीचे काम. याला उत्तर भोपाळने दिले आहे. १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्री कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्तीला हवेत काय आले आहे आणि त्यापासून बचाव कसा करायचा हे ठाऊक नव्हते. रसायनाचे अज्ञान सर्वांत आधी गरिबाला मारते. या जिल्ह्यातही कारखान्यांना जोडून मद्यार्क निर्मिती आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्याचे काय होते हे शेजारच्या विहिरीच्या मालकाला स्वतः मोजता आले, तर त्याच्या तक्रारीला वजन येईल; नाहीतर तो केवळ कुरकुर करणारा माणूस ठरतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: अनुदान घेणारी चळवळ देणाऱ्याची मिंधी होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने पुस्तके विकून आपला खर्च चालवला, म्हणूनच मावूरच्या कारखान्यामुळे होणाऱ्या चालियार नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न ती निर्भयपणे हाती घेऊ शकली. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचा शेकडा दोन भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले. पण खत कंपनीच्या पैशातून खताच्या अतिवापराची चिकित्सा होईल अशी आशा भाबडी आहे. मात्र कराचा पैसा हा दात्याचा पैसा नसून तो जनतेचाच आहे. तो घेण्यात मिंधेपणा नाही. अट एवढीच की निष्कर्ष काढण्याचा आणि जाहीर करण्याचा अधिकार गावाकडे असावा.

मागणी काय असावी?

पहिली मागणी प्रमाणाची. खत अनुदानाच्या दर शंभर रुपयांमागे चार आणे लोकांच्या रसायनशिक्षणासाठी राखून ठेवावेत. पावणेदोन लाख कोटींवर ही रक्कम वर्षाला सुमारे ४३७ कोटी होते. पत्रिका योजनेवर दहा वर्षांत जे खर्च झाले, त्याचा चौथा हिस्सा एका वर्षात मिळेल.

दुसरी मागणी पात्रतेची. हे अनुदान व्यक्तीला किंवा ठेकेदाराला नव्हे, तर ग्रामसभा, गावातील शाळा आणि जवळचे महाविद्यालय यांना संयुक्तपणे मिळावे. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी आणि खुद्द नगर येथे विज्ञान महाविद्यालये आहेत. अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हेही विद्यापीठाचे अंग आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच मान्य केले होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गाव झाडणाऱ्या विद्यार्थ्याने गावातल्या दहा विहिरींचे पाणी तपासले, तर त्याची पदवी आणि गाव दोन्ही उजळतील.

तिसरी मागणी आवर्ती खर्चाची. द्रावणे, दुरुस्ती आणि तपासणाऱ्या महिलांचे मानधन यांची तरतूद किमान पाच वर्षांसाठी असावी. क्षार एका मार्चअखेरीत धुऊन निघत नाहीत.

चौथी मागणी सहकाराकडे. कंपनी कायद्याचे सामाजिक बंधन सहकारी कारखान्यांना लागू नाही, कारण ते कंपन्या नाहीत. पण सहकारी संस्था कायद्यात २०१३ मध्ये आलेले कलम २४-अ सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकते. ते प्रशिक्षण कायद्याच्या कलमांपुरते का असावे? ऊस उत्पादक सभासदाला त्याच्या जमिनीची विद्युतवाहकता समजणे, हेही सहकारशिक्षणच आहे.

आणि शेवटची गोष्ट मागणीची नसून कामाची आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पावसाच्या नोंदीवरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याचा आणि त्यावरून पिके ठरवण्याचा पायंडा घातला. पाणी किती, हे जसे ग्रामसभेत वाचले जाते, तसे पाणी कसे आणि माती कशी, हेही वाचले गेले पाहिजे. अनुदान मंजूर होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर, जल जीवन मिशनचा तपासणी संच गावात कोणाकडे आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा निकाल काय, एवढा एकच विषय कार्यकर्त्यांनी घालून घ्यावा. उत्तर मिळाले तर ते फळ्यावर लिहावे. न मिळाले तर तेही लिहावे.