ज्याचें त्यानें निवडावें

वर्तमानपत्र घरांत येतें तेव्हां त्यांतील मजकुराची निवड संपादकानें आधींच केलेली असते. फेसबुकसारख्या स्थळीं ती निवड यंत्राचें गणित करतें, आणि वाचक अधिकांत अधिक वेळ कसा खिळून राहील, याकडे त्या गणिताचें विशेष लक्ष असतें. मास्टोडॉन या माध्यमांत मात्र वाचकाच्या मुख्य प्रवाहास संपादक नाहीं व असें गणितही नाहीं. ज्यांस अनुसरलें त्यांचें लेखन, आणि त्यांनीं पुढें पाठविलेलें इतरांचें, कालक्रमानें समोर येतें. एवढाच काय तो नियम.

ऑयगेन रोच्को या जर्मनींतील तरुणानें २०१६ सालीं हें माध्यम सुरू केलें. त्याचा एकच एक मालक नाहीं. हजारों स्वतंत्र सर्व्हर अॅक्टिव्हिटीपब नांवाच्या संकेतानें परस्परांशीं व्यवहार करतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें या संकेतास जानेवारी २०१८ मध्यें मान्यता दिली. नोव्हेंबर २०१९ मध्यें ट्विटरवर रुष्ट झालेली भारतांतील बरीच मंडळी इकडे वळली होती.

नवागतास येथें प्रथम सारें ओसाड भासतें. मग तो भराभर दोनशें जणांस अनुसरतो, आणि आठवड्याभरांत ओसाडीच्या जागीं पूर येतो! कालक्रम हा न्यायी खरा, पण तो आंधळाही आहे. दिवसांतून तीस वेळां लिहिणाऱ्या वार्ताहराखालीं महिन्यांतून एकदां लिहिणारा परगांवचा मित्र गाडला जातो. त्यानें आईच्या आजारपणाचें वर्तमान कळविलेलें असतें, तें चार दिवसांनीं, कदाचित् कधींच, दृष्टीस पडत नाहीं. यावर उपाय म्हणजे याद्या. आप्तेष्टांची एक, वार्तेची दुसरी, अशी विभागणी करावी व आप्तेष्टांची आधीं वाचावी. यादींत घातलेलीं माणसें मुख्य प्रवाहांतून वगळण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. वार्तेच्या यादीस ती अवश्य लावावी. एखाद्याचें स्वतःचें लेखन हवें, पण त्यानें पुढें पाठविलेलें नको, असेंही करतां येतें. आणि कोणाशीं संबंध न तोडतां त्यास कांहीं दिवसांपुरतें मुकें करतां येतें. संसारांत इतकी सोय कोठें आहे?

शब्दांची चाळणी मराठी वाचकास जरा जपून वापरावी लागते. निवडणुकीच्या गदारोळाला कंटाळून कोणी ‘निवडणूक’ हा शब्द चाळणींत घातला, तर ‘निवडणुकीचा’, ‘निवडणुकांत’ हीं रूपें खुशाल निसटतात, कारण विभक्तीपूर्वीं दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. ‘पूर्ण शब्द’ ही अट काढून ‘निवडण’ एवढाच अंश घातला, तर सर्व रूपें अडतात खरीं; पण मग तांदूळ निवडणारी गृहिणीही त्यांतच अडकते. म्हणून अशी चाळणी मुदतीची ठेवावी, आणि मजकूर समूळ न लपवितां केवळ सूचनेआड झांकण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे काय अडलें तें पाहतां येतें.

२०२२ पासून माणसांप्रमाणें विषयखुणाही अनुसरतां येतात. मात्र आपल्या सर्व्हरपर्यंत जें पोंचलें असेल तेवढेंच त्या खुणेखालीं दिसतें. लहान सर्व्हरवर मराठीची खूण अनुसरून कांहींच येईना, तर मराठींत कोणी लिहीतच नाहीं असा समज करून घेऊं नये. लिहिणारीं माणसें एकेक करून शोधावीं व अनुसरावीं.

निवड सर्वस्वीं वाचकाच्या हातीं असते, असेंही नव्हे. सर्व्हरचा चालक दुसऱ्या सर्व्हरशीं संबंध तोडूं शकतो, आणि मग तेथील अनुसरलेलीं माणसें एकाएकीं दिसेनाशीं होतात. पुष्कळ सर्व्हर हौसेनें व देणग्यांवर चालतात. कांहीं बंदही पडतात. मास्टोडॉनच्या अधिकृत सूचींतील सर्व्हरांनीं बंद होण्यापूर्वीं तीन महिने सूचना देण्याचें मान्य केलेलें असतें, इतरांवर तें बंधन नाहीं. बिऱ्हाड हलवितांना अनुयायी नव्या ठिकाणीं येतात, जुनें लेखन येत नाहीं. अनुसरलेल्या माणसांची व याद्यांची प्रत मात्र उतरवून घेतां येते, आणि ती सर्व्हर चालू आहे तोंवरच घेतां येते.